कोकणातील जुन्या अमेरिकन वळणाच्या जीपची दुरुस्ती आणि विक्री

जुनी अमेरिकन गाडी म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे १९६० च्या दशकातील मस्टँग, कॅमारो, चार्जर अशा मोठ्या व्ही-८ इंजिनाच्या गाड्या उभ्या राहतात. कोकणच्या किनाऱ्यावर अशी गाडी विक्रीला निघाल्याचे क्वचितच ऐकू येते. आपल्याकडे अमेरिकेचा मोटारवारसा पोहोचला तो जीपच्या रूपाने. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली आणि अमेरिकेत १९५३ साली बाजारात आलेले उंच बोनेटचे 'सीजे-३बी' हे मॉडेल पुढे काही दशके आपल्याकडे बनत राहिले. आंब्याच्या पेट्या, चिरेखाणीवरचे कामगार, डोंगरातल्या वाडीवरचा आजारी माणूस, अशी सगळी वाहतूक या गाड्यांनी केली. त्यांपैकी अनेक आज मांगरात (घराबाहेरच्या शेतखोपटात) किंवा माडाखाली उभ्या आहेत आणि पुण्या-मुंबईकडचे हौशी लोक त्या शोधत फिरत आहेत. अशी पेट्रोल जीप हाती आली असेल, मग ती वडिलोपार्जित असो वा विकत घेतलेली, तर ती नीट उभी करून योग्य भावाला कशी विकावी, याचे हे मार्गदर्शन आहे.

माझे पहिले आणि ठाम म्हणणे असे की कामाची सुरुवात पान्याने न करता कागदांनी करावी, आणि रंगाला सर्वांत शेवटी हात लावावा. कोकणात बहुतेक ठिकाणी याच्या उलट घडते. आधी झगझगीत रंग होतो, मग इंजिन उघडले जाते, आणि ग्राहक दारात आल्यावर आरसी बुक शोधायला माळ्यावर चढावे लागते.

कागदपत्रे

जीप ज्याच्या नावावर आहे तो माणूस हयात आहे का, हा पहिला प्रश्न. कोकणातील जुन्या गाड्यांच्या बाबतीत मूळ मालक वारलेले, एक मुलगा गावी आणि दोघे मुंबईत, बहिणी सासरी, अशी स्थिती नेहमीची आहे. अशा वेळी गाडी आधी वारसाच्या नावावर होणे आवश्यक असते. त्यासाठी फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती लागते. ही संमती दुरुस्तीवर पैसे खर्च होण्यापूर्वीच लेखी घ्यावी, कारण भंगारात जाणाऱ्या गाडीवर कोणी हक्क सांगत नाही, मात्र तीच गाडी चकचकीत होऊन दारात उभी राहिली की सर्वांनाच तिची आठवण येते.

दुसरी अडचण नोंदीची. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. त्यामुळे सावंतवाडी, मालवण, कणकवलीकडील त्याआधीच्या गाडीची मूळ नोंद रत्नागिरीला सापडण्याचा संभव जास्त असतो. शिवाय 'एमएच' मालिकेपूर्वीचे तीन अक्षरी नंबर असलेल्या अनेक गाड्या आजच्या 'वाहन' या संगणकीय प्रणालीत चढलेल्याच नाहीत. अशा गाडीची 'बॅकलॉग एंट्री', म्हणजे जुनी नोंद या प्रणालीत चढवणे, करून घेतल्याशिवाय पुढचे कोणतेही काम होत नाही. मूळ आरसी बुक, जुन्या कर भरल्याच्या पावत्या, जुना विमा, जे काही हाती लागेल ते सर्व जपावे. पिवळा पडलेला कागदसुद्धा नोंद शोधताना उपयोगी पडतो. गाडी पूर्वी वडापला (प्रवासी भरून भाड्याने) चालत असेल तर ती परवान्याचे वाहन म्हणून नोंदलेली आहे का आणि कर थकला आहे का, तेही पाहावे.

गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी असेल तर २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार तिची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी करता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून नोंदणी १० वर्षे टिकते, आणि आधीपासून नोंद असलेल्या गाडीला आपला मूळ नंबर ठेवता येतो. यात दोन अटी ध्यानात ठेवाव्यात. चेसीस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. आणि अशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, देखभाल अशाच कारणांसाठी रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापरासाठी किंवा भाड्याने देण्यासाठी नव्हे. तारकर्लीच्या किंवा गणपतीपुळ्याच्या एखाद्या रिसॉर्टवाल्याला पाहुण्यांना फिरवण्यासाठी जीप हवी असेल तर व्हिंटेज नोंदणीची गाडी त्याच्या उपयोगाची नाही, हे त्याला आधीच सांगावे. ज्यांना गाडी वापरायची आहे त्यांच्यासाठी दर ५ वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण हा नेहमीचा मार्ग आहे. त्यासाठी फॉर्म २५, गाडीची तपासणी आणि पर्यावरण कर लागतो.

गाडीची तपासणी

कोकणात जीपचा खरा शत्रू खारी हवा आणि त्यावरचा चार महिन्यांचा पाऊस आहे. देशावर ५० वर्षे उभी राहिलेली गाडी वरून गंजते. आपल्याकडची गाडी खालून आणि आतून कुजते. त्यामुळे तिच्याभोवती फेरी मारून काही कळत नाही. जुनी गोणी अंथरून खाली झोपावे, हातात मजबूत पेचकस घ्यावा आणि त्याच्या मुठीने चेसीस ठोकत जावे. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, कुजलेला बद्द वाजतो. जिथे आवाज बदलेल तिथे टोक दाबून पाहावे. पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर जिथे चेसीसला जोडलेले असतात ती जागा, पुढचा आणि मागचा आडवा मेंबर, ड्रायव्हरच्या सीटखाली जिथे पेट्रोलची टाकी बसते तो खळगा आणि शेजारच्या सीटखालचा टूलबॉक्स, या जागा प्रथम जातात. फ्लोअरखालच्या आडव्या पन्हळी पट्ट्यांत काही जुन्या जीपना लाकडाच्या पट्ट्या बसवलेल्या असतात. ते लाकूड पाणी धरून ठेवते आणि पट्टी आतून खाते. वरचा पत्रा शाबूत दिसत असतानाही पट्टी बोटाने तुटते. लाल रंगाचा जाड थर किंवा डांबर नुकतेच मारलेले दिसले तर विक्रेत्याला काहीतरी झाकायचे आहे असे समजावे. चिपळूण, राजापूर, खेड भागातील गाडी असेल तर ती पुरात बुडाली होती का, विशेषतः २२ जुलै २०२१ च्या पुरात, हे सरळ विचारावे आणि उत्तर काहीही मिळाले तरी गिअरबॉक्स व डिफरन्शियलचे ऑइल थोडे काढून पाहावे. ऑइल दुधाळ असेल तर आत पाणी गेलेले आहे.

यानंतर नंबर पाहावेत. इंजिन नंबर ब्लॉकच्या पुढच्या बाजूला, वॉटर पंपाच्या वरच्या सपाट भागावर ठोकलेला असतो, आणि चेसीस नंबर पुढच्या भागात कोरलेला असतो. दोन्ही आरसी बुकाशी अक्षर न् अक्षर जुळले पाहिजेत. इथेच बहुतेक गाड्यांची गोची होते, कारण डिझेल स्वस्त असण्याच्या काळात कोकणातल्या कित्येक पेट्रोल जीपमध्ये मॅटाडोरचे किंवा दुसरे कोणते तरी डिझेल इंजिन बसवले गेले आणि त्याची नोंद आरसीवर झालीच नाही. असे इंजिन आजही उत्तम चालत असेल, पण त्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळणे कठीण, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार परवानगीशिवाय केलेला असा बदल मुळातच बेकायदेशीर आहे. म्हणून डिझेल इंजिनाची जीप घ्यायची तर भाव त्याप्रमाणे पाडूनच घ्यावी, आणि मूळ पेट्रोल इंजिन मालकाच्या मांगरात पडलेले आहे का, ते अवश्य विचारावे. बहुतेक वेळा ते असते. कोकणी माणूस लोखंड सहसा भंगारवाल्याला देत नाही. तसेच मंडी डबवाली ही हरियाणातील बाजारपेठ जीप नव्याने बांधून देण्यासाठी प्रसिद्ध आहे. तिथली बॉडी दिसायला देखणी असते, पण जुन्या कागदांवर नवा पत्रा चढवलेली गाडी जाणकार ग्राहकाला मूळ गाडीच्या भावाने विकता येत नाही.

उघडणे आणि गंज काढणे

गाडी उघडण्याआधी प्रत्येक बाजूचे, वायरिंगचे, ब्रेकच्या पाइपांचे फोटो काढावेत. प्रत्येक भागाचे नटबोल्ट वेगळ्या पिशवीत घालून वर नाव लिहावे. चाके काढताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते: या जुन्या जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट अनेकदा उलट्या आट्यांचे असतात, म्हणजे ते घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटतात. स्टडच्या टोकावर किंवा नटावर इंग्रजी 'एल' दिसतो. हे ठाऊक नसलेला पोऱ्या पान्याला पाइप लावून जोर काढतो आणि पाचपैकी तीन स्टड तोडून ठेवतो. असे स्टड हल्ली सहज मिळत नाहीत.

सुटे केलेले चेसीस आणि बॉडी आधी गोड्या पाण्याने भरपूर धुवावी. मीठ पत्र्याच्या सांध्यात बसलेले असते आणि ते धुतल्याशिवाय केलेले सँडब्लास्टिंग (वाळूच्या झोताने गंज काढणे) मीठच आत ठोकते. चेसीसला ब्लास्टिंग चालते; बोनेट, मडगार्ड आणि बाजूचा सपाट पत्रा मात्र जास्त दाबाने तापतो आणि लाटा पडतात, म्हणून तिथे बारीक कण आणि कमी दाब वापरावा किंवा रासायनिक पद्धतीने रंग उतरवावा. ब्लास्टिंगवाल्याकडे गाडी नेण्याआधी चेसीस नंबरावर जाड रबरी पट्टी घट्ट बांधावी आणि त्याच्यासमोर उभे राहावे. नंबर पुसट झाला तर आरटीओत पेन्सिलीने छाप घेताना तो उमटत नाही, आणि त्यानंतर तुम्ही कितीही प्रामाणिक असलात तरी संशयित ठरता.

ब्लास्टिंग झालेला पत्रा आपल्या हवेत काही तासांत तांबूस होतो. त्यामुळे त्याच दिवशी प्राइमर मारता येईल अशीच वेळ ठरवावी. सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली आणि पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश सेल्सिअसने जास्त असावे, हा रंगकामातला सर्वमान्य नियम आहे. कोकणात तो पाळायचा तर डिसेंबर ते फेब्रुवारीमधील दुपारचे तास सर्वांत सोयीचे. सकाळी दव असते आणि मेच्या अखेरीस हवेला पाणी सुटते. साधा रेड ऑक्साइड स्वस्त असला तरी तो ओल शोषतो, म्हणून चेसीसला इपॉक्सी प्राइमरच वापरावा. पोकळ भागांत पातळ मेण किंवा ऑइल फवारावे आणि पाणी जाण्याची मूळ छिद्रे उघडी ठेवावीत. कुजलेला पत्रा कापून त्याच जाडीचा नवा पत्रा सीओटू वेल्डिंगने जोडावा. कुजलेल्या भागावर पत्र्याचा तुकडा चिकटवून वरून लांबी (पुट्टी) भरणे ही आपल्याकडची सर्वांत महाग पडणारी काटकसर आहे, कारण दुसऱ्या पावसाळ्यात तो भाग फुगतो आणि ग्राहकाचा फोन येतो.

इंजिन आणि खालचे काम

उंच बोनेटच्या जीपमध्ये सुमारे २.२ लिटरचे चार सिलिंडरचे 'एफ-हेड' इंजिन असते. त्याचे इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात. वर्षानुवर्षे उभे असलेले इंजिन थेट सेल्फ मारून फिरवू नये. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडावे, एक-दोन दिवस थांबावे आणि मग हँडलने हळूहळू फिरवावे. अडकले तर जोर न लावता पुन्हा ऑइल सोडून वाट पाहावी. फिरू लागल्यावर कंप्रेशन तपासावे. आकडा थोडा कमी असला तरी चालेल, पण चार सिलिंडरांत फार तफावत नसावी. एखाद्या सिलिंडरचा आकडा कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर रिंगा गेल्या आहेत, वाढला नाही तर दोष बहुधा व्हॉल्व्हमध्ये आहे.

बोअर मारणे, क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग ही कामे कोल्हापूरच्या उद्यमनगरात करून घ्यावीत. आंबा घाट किंवा गगनबावड्याची वाट चढून जाण्याचा त्रास तिथल्या कारागिरीपुढे काहीच नाही. ब्लॉक तिथे सोडताना त्यावरचा नंबर घासला जाणार नाही हे लिहून घ्यावे. परत आल्यावर थंड इंजिनावर इनटेकला ०.०१८ इंच आणि एक्झॉस्टला ०.०१६ इंच टॅपेटची (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाची) फट ठेवावी, प्लगची फट ०.०३० इंच आणि डेल्कोतल्या (डिस्ट्रिब्युटरमधल्या) पॉइंटची ०.०२० इंच, फायरिंगचा क्रम १-३-४-२. एक्झॉस्टचे टॅपेट बाजूच्या झाकणाआड असल्यामुळे घाईतला मेस्त्री फक्त वरचे चार लावतो आणि झाकण बंद करतो. मग गाडी चढणीला दम सोडते आणि दोष कार्बोरेटरवर जातो. त्याच्याकडून बाजूचे झाकण आपल्या देखत उघडून घ्यावे.

आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते आणि ही गाडी बनली तेव्हा त्याचा विचारही नव्हता. इथेनॉल हवेतली ओल ओढते. किनाऱ्यावर अर्धी रिकामी टाकी पावसाळाभर ठेवली तर खाली पाणी साचते. पेट्रोलच्या सर्व रबरी नळ्या, पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरचे किट इथेनॉलला टिकणारे घ्यावे, टाकी आतून साफ करावी आणि गाडी उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवावा.

ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या पेटीच्या) मागच्या शाफ्टवर हँडब्रेकचा ड्रम असतो. मागचे सील गळू लागले की ऑइल थेट ड्रममध्ये उतरते आणि हँडब्रेक धरत नाही. नवे लायनर टाकण्याआधी सील बदलावे. दुसरा गिअर उतारावर आपोआप सुटतो का, स्टिअरिंगला किती मोकळीक आहे, पुढच्या हाउसिंगमधून ऑइल झिरपते का, हे पाहावे. ब्रेकचा मास्टर सिलिंडर एकच असल्याने एका चाकाचा पाइप फुटला तरी चारही ब्रेक जातात, म्हणून ब्रेकचे सर्व पाइप, होज आणि व्हील सिलिंडर नवे टाकावेत. इथे काटकसर नको. रंगानंतर दिवे मंद लागले तर वायरिंगला दोष देण्यापूर्वी अर्थिंगची पट्टी रंगावर बसली आहे का ते पाहावे.

रंग आणि हूड

आरसीवर जो रंग लिहिलेला आहे तोच द्यावा. बदलायचा असल्यास आरटीओची परवानगी घ्यावी. जीपला लष्करी हिरवा रंग मारण्याची हौस फार लोकांना असते, परंतु केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ नुसार 'ऑलिव्ह ग्रीन' रंग संरक्षण दलांच्या वाहनांखेरीज इतर वाहनांना देता येत नाही. असा रंग दिलेली गाडी तपासणीला अडते आणि दुसऱ्यांदा रंगवण्याचा खर्च अंगावर पडतो. हूड, म्हणजे वरचे छत, कॅनव्हासचे शिवून घ्यावे. रेक्झिन स्वस्त असले तरी आपल्या उन्हात ते तडकते आणि जुन्या गाडीवर शोभतही नाही. क्रोम, रुंद टायर, एलईडी दिवे, मोठे स्टीलचे बंपर यांवर घातलेला पैसा ग्राहक परत देत नाही. उलट ते काढायला किती खर्च येईल याचा तो हिशेब करतो. मूळ ६.००-१६ मापाचे टायर मिळाले तर तेच घालावेत.

विक्री

गाडी तयार झाल्यावर लगेच विकायला काढू नये. दोनचार आठवडे चालवावी, एकदा आंबा घाट चढवून तापते का ते पाहावे आणि गळणाऱ्या जागा बंद कराव्यात. मग मेस्त्रीची बिले, उद्यमनगरची पावती, कुजलेल्या पत्र्याचे आणि ब्लास्टिंगनंतरच्या उघड्या चेसीसचे फोटो, दोन्ही नंबरांचे फोटो आणि कागदांच्या प्रती एका फाइलमध्ये लावाव्यात. कोकणातली गाडी म्हटल्यावर जाणकार ग्राहकाच्या मनात गंजाचीच शंका असते, आणि ती उघड्या चेसीसच्या फोटोंइतकी दुसऱ्या कशानेही जात नाही. जे मूळ नाही ते जाहिरातीतच लिहावे: मडगार्ड नवे आहे, डायनामोच्या जागी अल्टरनेटर आहे, स्टिअरिंग डावीकडून उजवीकडे घेतलेले आहे. ग्राहकाला ते स्वतः सापडले तर तो किंमत दुप्पट पाडून मागतो.

भाव ठरवताना झालेला खर्च धरून बसू नये, कारण हौसेने केलेल्या दुरुस्तीचा खर्च पूर्ण वसूल होईलच असे नाही. कागद पूर्ण, मूळ पेट्रोल इंजिन आणि जुळणारे नंबर या तीन गोष्टी असतील तर थांबायची तयारी ठेवावी. रस्त्यावरच्या दलालापेक्षा मुंबईच्या व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियासारख्या संस्थांच्या वर्तुळातून आणि जीपप्रेमींच्या गटांतून चांगला ग्राहक मिळतो. पाहणी गणपती उरकल्यानंतर आणि पाऊस ओसरल्यावर ठेवावी. भर पावसात घाट उतरून गाडी बघायला येणारा माणूस घाईत असतो आणि घासाघीसही फार करतो.

व्यवहाराच्या दिवशी फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, विमा, पीयूसी आणि ओळखपत्रांच्या प्रती घ्याव्यात. नुसते कोरे फॉर्म सही करून देऊ नयेत. २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही उच्च सुरक्षा नंबरप्लेट आवश्यक आहे, तेव्हा ती आधीच बसवून घ्यावी. ग्राहक परराज्यातला असेल तर फॉर्म २८ वर ना-हरकत प्रमाणपत्र लागते. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. नोंद बदलली नाही तर अपघाताची भरपाई नोंदणीकृत मालकाकडूनच मागितली जाते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. पैसे बँकेतून घ्यावेत, गाडी ताब्यात दिल्याची तारीख आणि वेळ लिहून दोघांच्या सह्यांची पावती करावी, उरलेले जुने सुटे भाग पेटीत घालून गाडीसोबत द्यावेत, डाव्या चाकांच्या उलट्या आट्यांची सूचना नव्या मालकाला तोंडी आणि लेखी द्यावी, आणि 'वाहन' प्रणालीत त्याचे नाव चढेपर्यंत सर्व प्रती आपल्याकडे ठेवाव्यात.